विश्लेषण : बाबा खोलीत शिरले की बॅगेत? कोरियन वाचकाची नजर प्रत्यय कशी ओळखते?

कोरियातल्या शाळांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ‘आबोजीगाबांगएदुरोगाशिंदा’. सगळं सलग, मध्ये एकही मोकळी जागा नाही. आता ‘गा’नंतर जागा सोडा : ‘आबोजीगा बांगए दुरोगाशिंदा’. अर्थ झाला, ‘बाबा खोलीत शिरतात’. तीच जागा ‘गा’च्या आधी सोडली तर होतं ‘आबोजी गाबांगए दुरोगाशिंदा’. म्हणजे ‘बाबा बॅगेत शिरतात’!

‘आबोजी’ म्हणजे बाबा, ‘बांग’ म्हणजे खोली आणि ‘गाबांग’ म्हणजे बॅग. घोळ घालणारा ‘गा’ पहिल्या वाक्यात कर्त्याला लागलेला प्रत्यय आहे, तर दुसऱ्या वाक्यात बॅगेचा तुकडा.

शब्दांमध्ये जागा का सोडायची, हे मुलांना पटवण्यासाठी शिक्षक हा विनोद वापरतात. पण त्यामागे एक गंभीर प्रश्न आहे. मूळ शब्द कुठे संपला आणि प्रत्यय कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याच्या नजरेला कसं कळतं? शब्द लिहायचा तो कानाला ऐकू येतो तसा, की डोळ्याला पटकन ओळखू येईल तसा? या दुसऱ्या प्रश्नावरून दक्षिण कोरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि देशातले भाषातज्ज्ञ १९५० च्या दशकात समोरासमोर उभे ठाकले होते. आणि राष्ट्राध्यक्ष हरले होते.

‘घरातून’ हा एक शब्द की दोन?

मराठी माणसाला यात फार नवल वाटणार नाही. घर, घराला, घरात, घरातून, घरापासून, घरापर्यंत, घरातसुद्धा. हिंदीत ‘घर से’, ‘घर तक’ असं सुटं लिहितात. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. कोरियन याबाबतीत मराठीच्या बाजूची आहे.

कोरियनमध्ये घराला ‘जिप’ म्हणतात. त्याला ‘ए’ लागला की घरी, ‘एसो’ लागला की घरातून किंवा घरामध्ये, ‘क्काजी’ लागला की घरापर्यंत, ‘मान’ लागला की फक्त घर आणि ‘दो’ लागला की घरसुद्धा. हे प्रत्यय एकावर एक रचताही येतात. ‘जिप-एसो-मान-इरादो’ म्हणजे साधारण ‘निदान घरात तरी’. हे सगळं एकाच सलग शब्दात लिहायचं. दोन मोकळ्या जागांच्या मधल्या अशा तुकड्याला कोरियन व्याकरणात ‘ओजल’ म्हणतात. कोरियन वाचकासमोर पानावर असतात ते असे ओजल. नुसतं, बिनप्रत्ययाचं नाम त्या मानाने कमीच भेटतं. वर्तमानपत्रांचे मथळे त्याला अपवाद, कारण जागा वाचवायला तिथे प्रत्यय सर्रास गाळतात.

क्रियापदांची गाडी तर आणखी लांब. ‘गाशिगेस्सुम्निक्का?’ म्हणजे ‘आपण जाणार का?’. यातला ‘गा’ म्हणजे जाणे, ‘शि’ हा समोरच्याला दिलेला मान, ‘गेस्’ हा इरादा आणि ‘सुम्निक्का’ हा अदबीने विचारलेला प्रश्न. मूळ क्रिया एका अक्षरात आटोपली, बाकी सगळी शेपूट. बाबांच्या वाक्यात ‘दुरोगाशिंदा’मध्ये जो ‘शि’ आहे, तोही हाच आदराचा. बॅगेत शिरले तरी बाबांना अहो-जाहोच!

आता साधा हिशेब करू. समजा एखाद्या वाचकाला ५० हजार नामं येतात आणि प्रत्येकाची प्रत्ययांसह फक्त ५० रूपं होतात. म्हणजे झाली २५ लाख रूपं. क्रियापदं अजून मोजलेलीच नाहीत. ही सगळी रूपं डोक्यात स्वतंत्रपणे साठवलेली असतात, की मूळ शब्द आणि प्रत्यय वेगवेगळे साठवून वाचताना त्यांची फोड होते? भाषा आणि मेंदू यांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये या मुद्द्यावर गेली पन्नासेक वर्षं वाद सुरू आहे. १९७५ मध्ये मार्कस टॅफ्ट आणि केनेथ फोर्स्टर यांनी इंग्रजी शब्दांवर प्रयोग करून ‘आधी फोड, मग ओळख’ ही बाजू मांडली. इंग्रजीत शब्दाला प्रत्यय लागतात ते मोजकेच. खरी कसोटी लागणार ती कोरियन, तुर्की, फिनिश अशा प्रत्ययांच्या माळा लावणाऱ्या भाषांमध्ये.

हंगुलच्या चौकोनात दडलेली युक्ती

कोरियन लिपी हंगुल. राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये ती तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. आज तिच्यात १४ व्यंजनं आणि १० स्वर असे २४ मूळ वर्ण आहेत. ते रोमन लिपीसारखे एका ओळीत मांडत नाहीत. एका उच्चाराचे दोन, तीन किंवा चार वर्ण एका चौकोनात बसवतात. ‘जिप’ हा एक चौकोन : वर डावीकडे ‘ज’, शेजारी ‘इ’ आणि खाली पायाशी ‘प’. पायाशी बसणाऱ्या या व्यंजनाला ‘बात्छिम’ म्हणतात, म्हणजे खालून दिलेला आधार.

गंमत आहे ती या पायातल्या व्यंजनाची. पुढे काय येतं त्यानुसार त्याचा उच्चार बदलतो. ‘जिप’ला ‘ए’ लागला की कानाला ऐकू येतं ‘जिबे’. ‘मान’ लागला की ‘जिम्मान’. फुलाचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. फूल म्हणजे ‘क्कोत’. त्याला कर्त्याचा ‘इ’ लागला की उच्चार होतो ‘क्कोछी’, ‘मान’ लागला की ‘क्कोन्मान’, ‘दो’ लागला की ‘क्कोत्तो’. ऐकताना फूल कधी त, कधी छ, कधी न!

लिहिताना मात्र फूल बदलत नाही. त्याच्या चौकोनाच्या पायाशी कायम ‘छ’ हा वर्णच असतो, तो ऐकू येवो न येवो. प्रत्यय पुढच्या चौकोनात बसतो. वाचणाऱ्याच्या नजरेला प्रत्येक वेळी तेच चित्र दिसतं.

मराठीत नेमकं उलटं घडतं. जगत् आणि नाथ एकत्र आले की आपण ‘जगन्नाथ’ लिहितो. सत् आणि जन मिळून ‘सज्जन’ होतो. संधी झाला की लिहिणंही बदलतं, उच्चाराच्या मागे जातं. कोरियन पद्धतीने लिहायचं झालं असतं तर कागदावर ‘जगत्नाथ’ आणि ‘सत्जन’ राहिले असते आणि वाचताना आपण ‘जगन्नाथ’, ‘सज्जन’ म्हटलं असतं. लिहिणाऱ्याला त्रास, पण ‘जगत्’ आणि ‘सत्’ पाहताक्षणी ओळखू येतात. कोरियन लेखनपद्धतीने हा सौदा जाणूनबुजून पत्करला आहे.

हा सौदा ठरवला कुणी?

वाद लिपीइतकाच जुना आहे. १४४६ मध्ये लिपीसोबत तिचं सविस्तर स्पष्टीकरणही प्रसिद्ध झालं. त्यात म्हटलं होतं की चौकोनाच्या पायाशी आठच व्यंजनं पुरेशी आहेत. उदाहरण दिलं होतं तेही फुलाचंच, नाशपातीच्या फुलाचं. उच्चारात जो फरक उरत नाही तो लेखनात कशाला ठेवायचा, असा सरळ विचार. पण त्याच काळात दरबारात तयार झालेल्या ‘योंगबिओछनगा’ या काव्यात फूल लिहिताना मूळ व्यंजन जपलेलं दिसतं. पुढची काही शतकं सोपी, उच्चाराप्रमाणे लिहिण्याची पद्धतच जास्त चालली.

शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धतही नव्हती. आपल्याकडे मोडी लिपीतही शब्द तोडून लिहीत नसत, तसंच. एप्रिल १८९६ मध्ये सोलमध्ये सुरू झालेल्या ‘तोंगनिप शिन्मुन’ (स्वातंत्र्य वृत्तपत्र) या पत्राने चिनी अक्षरं टाळून फक्त हंगुल वापरलं आणि शब्दांमध्ये जागा सोडून छापायला सुरुवात केली. तिथे मुद्रितशोधनाचं काम करणारा विशीतला तरुण होता जू शि-ग्यंग. मूळ शब्दाचं रूप लेखनात कायम राहिलं पाहिजे, हा आग्रह त्याने आयुष्यभर धरला. १९१४ मध्ये, चाळिशीही गाठायच्या आत तो गेला. त्याच्या शिष्यांनी मात्र विचार सोडला नाही. जपानी राजवटीत, १९३३ मध्ये, कोरियन भाषा संस्थेने एकसंध शुद्धलेखनाची नियमावली जाहीर केली. मूळ शब्द आणि प्रत्यय यांची सीमा लेखनात दिसली पाहिजे, हा तिचा कणा होता.

त्याची किंमतही मोजावी लागली. १९४२ च्या ऑक्टोबरपासून जपानी पोलिसांनी संस्थेच्या लोकांची धरपकड केली. छळ झाला. ई युन-जे आणि हान जिंग हे दोघे तुरुंगातच मरण पावले. शब्दकोशाचं हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालं होतं. ते स्वातंत्र्यानंतर सप्टेंबर १९४५ मध्ये सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडलं. २०१९ मध्ये आलेल्या ‘मालमोइ’ या कोरियन चित्रपटाला हीच पार्श्वभूमी आहे.

राष्ट्राध्यक्षांना फुलातलं काय खटकलं?

सिंगमन ऱ्ही यांचा जन्म १८७५ चा. १८९८ मध्ये सोलमध्ये हंगुलमधून दैनिक काढणाऱ्या तरुणांमध्ये ते होते, म्हणजे या लिपीचे शत्रू नक्कीच नव्हते. पण त्यानंतरचा बहुतेक काळ ते परदेशात होते. सत्तरीत मायदेशी परतले तेव्हा शुद्धलेखन बदललेलं होतं. त्यांना सवय होती ती जुन्या बायबलमधल्या, उच्चाराप्रमाणे लिहिण्याच्या पद्धतीची. नवी पद्धत त्यांना उगाच अवघड वाटली. ऐकू न येणारी व्यंजनं लिहायची तरी कशाला?

एप्रिल १९५३ मध्ये, कोरियन युद्ध सुरू असतानाच, सरकारी कागदपत्रं आणि पाठ्यपुस्तकं जुन्या पद्धतीने लिहिण्याचा आदेश निघाला. १९५४ च्या जुलैमध्ये सरकारने सुलभीकरणाची योजनाच जाहीर केली. चौकोनाच्या पायाशी बसू शकणाऱ्या व्यंजनांची आणि जोडव्यंजनांची यादी दहावर आणायची, असं तिचं पहिलं कलम होतं. ती लागू झाली असती तर फुलाच्या पायातला ‘छ’ गेला असता आणि असे कितीतरी शब्द एकसारखे दिसू लागले असते.

विद्यापीठांतले प्राध्यापक, लेखक, वृत्तपत्रं सगळे विरोधात उभे राहिले. शिक्षणमंत्री पायउतार झाले. शिक्षण खात्यात पाठ्यपुस्तकांची जबाबदारी सांभाळणारे, १९४२ मध्ये स्वतः तुरुंगात गेलेले छ्वे ह्यन-बे यांनीही पद सोडलं. ज्या पद्धतीसाठी सहकारी मेले, ती आता स्वतंत्र देशाच्या सरकारने मोडीत काढायची? अखेर सप्टेंबर १९५५ मध्ये ऱ्ही यांनी निवेदन काढून हा विषय लोकांवर सोपवला. योजना बारगळली.

ऱ्ही यांचा मुद्दा पूर्णपणे चुकीचा होता का? तसंही म्हणता येत नाही. पहिलीतल्या मुलाला श्रुतलेखनात ‘मोगो’ (खा) ऐकू येतं. त्याने लिहायचं असतं ते ‘मोक-ओ’. ‘क’ पहिल्या चौकोनाच्या पायाशी, ‘ओ’ पुढच्या चौकोनात. मुलं सहज ‘मो-गो’ लिहून मोकळी होतात आणि लाल शाईने वही भरते. लिहिणाऱ्यासाठी ऱ्ही यांची पद्धत खरोखर सोपी होती. प्रश्न इतकाच की माणूस आयुष्यात लिहितो किती आणि वाचतो किती.

त्यातच वाचकाचा आणखी एक टेकू हळूहळू निघून गेला. पूर्वी चिनी मुळाचे शब्द चिनी अक्षरांत आणि त्यांना लागणारे प्रत्यय हंगुलमध्ये छापत. शब्द आणि प्रत्यय जणू दोन रंगांत दिसायचे. जपानीत आजही काहीसं तसंच आहे. १९४८ मध्ये सरकारी कागदपत्रांसाठी फक्त हंगुलचा कायदा झाला. वृत्तपत्रं बराच काळ मिश्र लिपीतच निघत होती. मे १९८८ मध्ये सुरू झालेलं ‘हानग्योरे’ हे दैनिक सुरुवातीपासून संपूर्ण हंगुलमध्ये आणि आडव्या ओळींत निघालं, मग इतरही त्या वाटेने गेले. दोन रंग गेले आणि सीमा दाखवायची जबाबदारी शुद्धलेखनावर आणि मोकळ्या जागेवर येऊन पडली.

प्रयोगशाळेत काय दिसलं?

वाचताना आपली नजर ओळीवरून सरकत जाते असं वाटतं. प्रत्यक्षात ती उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, मग पुढे झेपावते. स्पष्ट दिसतो तो मधला छोटासा भाग. पुढच्या शब्दाची अर्धवट चाहूल मात्र आधीच लागलेली असते. एवढ्या वेळात शब्दाची फोड होत असेल तर ती नकळतच व्हायला हवी.

ते तपासण्याची एक पद्धत आहे. स्क्रीनवर आधी चौकटीच्या खुणा दिसतात. मग एक शब्द सेकंदाच्या विसाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी वेळ झळकतो. वाचणाऱ्याला तो दिसल्याचंही बहुधा जाणवत नाही. लगेच दुसरा शब्द येतो आणि तो खरा शब्द आहे की बनावट, हे बटण दाबून सांगायचं. झळकून गेलेल्या शब्दामुळे उत्तर काही मिलिसेकंद लवकर आलं, तर मेंदूने दोघांमधलं नातं टिपलं असं समजतात.

कॅथलीन रॅसल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये इंग्रजीवर केलेला असा प्रयोग खूप गाजला. ‘ब्रदर’ (भाऊ) झळकवला की ‘ब्रॉथ’ (रस्सा) पटकन ओळखला जातो. ‘ब्रॉथेल’ (कुंटणखाना) झळकवला तर तसा फायदा होत नाही. भावाचा रश्शाशी काय संबंध? काहीच नाही. पण ‘ब्रदर’च्या शेवटी ‘अर’ आहे आणि तो इंग्रजीत नेहमीचा प्रत्यय. ‘एल’ तसा प्रत्यय नाही. म्हणजे मेंदू अर्थाची वाट न पाहता, प्रत्ययासारखं काही दिसलं की आधी ते कापून बघतो. चुकलं तर नंतर सावरतो.

कोरियनमध्ये काय होतं? से यंग किम, मिन वांग आणि मार्कस टॅफ्ट यांनी २०१५ मध्ये याच पद्धतीने चार प्रयोग प्रसिद्ध केले. कोरियनमध्ये उपसर्ग किंवा प्रत्यय बऱ्याचदा एक अख्खा चौकोन व्यापतो, म्हणजे डोळ्याला तो वेगळा दिसतो. मग पुढे लागलेला आणि मागे लागलेला तुकडा मेंदू सारखाच हाताळतो का? दोघांचं चित्र एकसारखं आलं नाही. त्याचं कारण समजायला ‘शिन’ हा चौकोन घ्या. शब्दाच्या सुरुवातीला तो ‘नवा’ या अर्थाचा उपसर्ग असू शकतो, देव असू शकतो किंवा पायातला जोडाही. पुढचं वाचल्याशिवाय काही ठरत नाही. प्रत्यय येईपर्यंत मात्र मूळ शब्द नजरेखालून गेलेला असतो, निम्मं कोडं सुटलेलं असतं.

चौकोन किती पक्का असतो, याचा पुरावा वेगळ्या प्रयोगांतूनही मिळतो. वर्णांची अदलाबदल केली तरी इंग्रजी वाचता येतं, असा एक मेसेज २००३ पासून जगभर फिरतो आहे. इंग्रजी वाचक अशा जवळच्या अदलाबदलीकडे बऱ्यापैकी कानाडोळा करतो. कोरियन वाचक करत नाही. चँग ली आणि टॅफ्ट यांनी २००९ मध्ये आणि रॅसल, लॅली, ली यांनी २०१९ मध्ये दाखवलं की चौकोनातल्या वर्णांच्या जागा हलवल्या तर कोरियन वाचकाला तो वेगळाच शब्द वाटतो. त्या व्हायरल मेसेजची कोरियन आवृत्तीही फिरते. त्यात वर्णांना हात लावलेला नाही, अख्खे चौकोन इकडचे तिकडे केले आहेत. बनवणाऱ्याने प्रयोग वाचला नसेल, पण आपली भाषा त्याला बरोबर कळली होती.

लहान मुलांचं काय? बीजिंग, हाँगकाँग, कोरिया आणि अमेरिका इथल्या दुसरीतल्या मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २००५ मध्ये आला. इंग्रजी वाचायला ध्वनींची जाण जास्त कामी येत होती, चिनी वाचायला शब्दांच्या जडणघडणीची. कोरियन मुलांना दोन्ही लागत होतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. हे फरक मिलिसेकंदांचे असतात आणि प्रयोगातला प्रौढ वाचक बहुतेक वेळा विद्यापीठातला विद्यार्थी असतो, मेट्रोत उभ्याने मोबाइल स्क्रोल करणारा प्रवासी नसतो. रोज शंभरदा भेटणारे ओजल मेंदू अख्खेच उचलत असेल आणि फोड फक्त अनोळखी रूपांची होत असेल, असं मानणाऱ्यांचा गटही मोठा आहे.

जिथे चौकोनही दगा देतो

प्रत्येक प्रत्यय असा शहाण्यासारखा पुढच्या चौकोनात जाऊन बसत नाही. ‘गा’ म्हणजे जाणे. ‘जातो’ म्हणायला त्याला ‘न्दा’ लागतो. त्यातला ‘न’ मूळ शब्दाच्याच चौकोनात घुसतो, ‘दा’ पुढे राहतो. झालं ‘गान्दा’. प्रत्यय मधोमध फाटला आणि मूळ शब्दाचं चित्रही बदललं.

त्याहून कसलेलं उदाहरण म्हणजे ‘नानुन’. दोन चौकोन, ‘ना’ आणि ‘नुन’. याचा एक अर्थ ‘मी तर’. ‘ना’ म्हणजे मी, ‘नुन’ हा विषय सांगणारा प्रत्यय. दुसरा अर्थ ‘उडणारा’. तिथे मूळ धातू ‘नाल’ आहे, पण ‘नुन’ लागताना त्याचा ‘ल’ गळून पडतो. तिसरा अर्थ ‘उगवणारा, निघणारा’. तिथे धातू ‘ना’च आहे. तिन्ही लिहायला अगदी एकसारखे. ‘उडणारा पक्षी’ वाचताना कोरियन वाचक क्षणभरही अडखळत नाही, कारण पुढे पक्षी आहे. फोड नेमकी कुठे करायची, हे नुसतं शब्दात डोकावून कळत नाही. बाजूचे शब्दही मदतीला येतात.

मोबाइलच्या युगात याचं काय?

परदेशात फिरणारे कोरियन पर्यटक एक भन्नाट युक्ती वापरतात. घरमालकाला कळू नये, पण पुढच्या कोरियन पाहुण्याला सावध करता यावं, म्हणून ते ऑनलाइन रिव्ह्यू मुद्दाम वाकड्या हंगुलमध्ये लिहितात. चौकोनांच्या पायाशी नको ती व्यंजनं बसवायची, साधी व्यंजनं कडक करायची. मशीन भाषांतर बराच काळ यापुढे हात टेकायचं. कोरियन माणूस मनात मोठ्याने वाचून अर्थ लावतो. या लेखनशैलीला तिथे ‘एअरबीएनबी-छे’ असं नावच पडलं आहे. वेग मात्र मंदावतो. ओळखीचं चित्र मोडलं की नजरेची वाट बंद होते आणि कानाच्या वाटेने जावं लागतं. सुलभीकरणाच्या वादातल्या दोन्ही बाजू एकाच रिव्ह्यूमध्ये अनुभवायला मिळतात, म्हणा ना.

संगणकाला प्रत्ययांनी त्याआधीपासूनच घाम फोडला होता. प्रत्येक ओजल हा वेगळा शब्द धरला तर यादी संपतच नाही. २०१२ मध्ये गुगलच्या माइक शुस्टर आणि काइसुके नाकाजिमा यांनी जपानी आणि कोरियन व्हॉइस सर्चसाठी एक तोडगा मांडला. शब्दकोश हाताने बनवायचा नाही, शब्दांचे कोणते तुकडे पुन्हापुन्हा येतात ते मशीनलाच मजकुरातून शिकू द्यायचं. हे तंत्र ‘वर्डपीस’ म्हणून ओळखलं जातं. २०१८ मध्ये आलेल्या गुगलच्या ‘बर्ट’ या भाषा-मॉडेलने तेच वापरलं. आज मशीन मराठी ‘घरापासून’चे तुकडे करतं, तेव्हा त्या युक्तीचा एक धागा कोरियन प्रत्ययांपर्यंत जातो. फरक इतकाच की मशीन किती वेळा आलं ते मोजून कापतं. तुकडा नेमका प्रत्ययावर पडेल याची हमी नसते.

मराठी विद्यार्थ्याला कोरियन जड जाते का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परदेशी भाषांमध्ये कोरियनचं नाव आहे. के-ड्रामा आणि के-पॉपमुळे स्वतःहून शिकणारेही कमी नाहीत. त्यांना प्रत्यय चिकटवून लिहिण्याचं वावडं नसतं. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद हा क्रमही घरचाच.

मराठीत नाम प्रत्ययाआधी रूप बदलतं. पाऊस, पण पावसात. मूल, पण मुलाला. पाणी, पण पाण्यातून. व्याकरणात त्याला सामान्यरूप म्हणतात. कोरियन नाम लेखनात हलत नाही, उलट प्रत्ययच नामाकडे बघून कपडे बदलतो. नाम स्वरावर संपलं तर कर्त्याला ‘गा’, व्यंजनावर संपलं तर ‘इ’. म्हणून बाबांना ‘गा’ लागला आणि फुलाला ‘इ’. याबाबतीत मराठी मुलांनी कोरियनहून अवघड गड आधीच सर केलेला असतो, फक्त त्यांना ते माहीत नसतं. हल्ली मेसेजमध्ये ‘घरा मध्ये’, ‘पुण्या हून’ असं तोडून लिहिणारे वाढले आहेत. मराठीच्या नियमात ते बसत नाही, कोरियनच्याही बसलं नसतं. तिथल्या शुद्धलेखनाचं ४१ वं कलम सांगतं, नामाचा प्रत्यय आधीच्या शब्दाला जोडूनच लिहा.

खरी अडचण येते शब्दकोश उघडल्यावर, तीही क्रियापदांपाशी. एखाद्या मालिकेच्या सबटायटलमध्ये ‘दोवायो’ (मदत करतो) दिसतं. विद्यार्थी ‘दोवा’ शोधतो, सापडत नाही. ‘दो’ शोधतो, तर ‘सुद्धा’ हा प्रत्यय निघतो. मूळ धातू आहे ‘दोप’. त्याचा ‘प’ स्वरापुढे विरघळून ‘व’ होतो, आणि हा बदल मात्र कोरियन लेखनात दाखवतात. १९३३ च्या नियमावलीनेही अशा अनियमित धातूंपुढे हट्ट केला नाही. शब्दकोशात शोधायचं असतं ‘दोप्ता’.